परकीय समाजमाध्यमांवरील बंदी कशी तपासावी

परकीय मालकीच्या समाजमाध्यमांवर सरकारने बंदी घालावी का, हा विषय पुण्यातील महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत आणि सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत वारंवार निघतो. मी ज्या अभ्यासमंडळात मार्गदर्शन करतो, तिथे ही चर्चा सुरू झाली की थोड्याच वेळात राष्ट्रभक्त आणि स्वातंत्र्यवादी असे दोन तट पडतात आणि शेवटपर्यंत कोणीही जागचे हलत नाही. पुढील पद्धत ही कोंडी फोडण्यासाठी आहे.

सर्वप्रथम आरोप सुटे करून घ्यावेत. वापरकर्त्यांची माहिती परक्या सरकारच्या हाती जाणे, लोकांनी काय पाहावे हे त्या सरकारने ठरवणे आणि शत्रुराष्ट्रावर आर्थिक दबाव आणणे ही तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि प्रत्येकाला लागणारा पुरावाही वेगळा आहे. पहिल्या आरोपाला चीनच्या 2017 च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचा आधार देता येतो, कारण तेथील संस्था व नागरिकांनी गुप्तवार्ता कार्यात सहकार्य करावे असे त्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे. मात्र त्यावरून धोक्याची शक्यता सिद्ध होते, प्रत्यक्ष चोरी सिद्ध होत नाही. दुसरा आरोप सिद्ध करणे सर्वांत कठीण, कारण कोणता व्हिडिओ कोणाला दिसावा हे ठरवणारे अल्गोरिदम कंपन्या उघड करत नाहीत. तिसऱ्या कारणाचा वापरकर्त्याच्या सुरक्षिततेशी संबंधच नाही. ते परराष्ट्र धोरण आहे आणि भाषणात ते तसेच मांडावे.

यानंतर मूळ मजकूर वाचावा; या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉक, वीचॅट, यूसी ब्राउझर, शेअरइट यांच्यासह 59 ॲपवर बंदी जाहीर केली. त्याआधी दोनच आठवडे, 15 जूनला, गलवान खोऱ्यात भारताचे 20 जवान हुतात्मा झाले होते. सरकारी प्रसिद्धिपत्रकात मात्र भर होता तो वापरकर्त्यांची माहिती चोरून भारताबाहेरील सर्व्हरकडे पाठवली जात असल्याच्या तक्रारींवर. आता हे पत्रक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ शेजारी ठेवून वाचावे. सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी रोखणे एवढीच कारणे या कलमात आहेत. व्यक्तीच्या खासगीपणाचे रक्षण हे कारण त्यात नाही. म्हणून माहितीच्या चोरीपासून देशाच्या सुरक्षेपर्यंतचा दुवा सरकारने कसा जोडला आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे.

त्याच बैठकीत या कलमाखालील बंदीची प्रक्रिया सांगणारे 2009 चे नियमही वाचावेत. सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या श्रेया सिंघल खटल्यात आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारे कलम 66अ रद्द केले, पण 69अ वैध ठरवले. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागील एक महत्त्वाचा आधार होता. परंतु नियम 16 प्रमाणे तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवायची असते. जी कारणे नागरिकाला वाचताच येत नाहीत, त्यांना तो आव्हान कसे देणार? बंदीच्या विद्यमान पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात याच न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले होते. ॲपच्या बाबतीत तोच दंडक का नसावा, हा प्रश्न सरकारी बाजूने बोलणाऱ्यालाही विचारला जाणारच.

पुढची कसोटी छोटी आहे. आपल्या युक्तिवादातील देशाचे नाव बदलून तो पुन्हा वाचावा. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात 8.7 कोटींपर्यंत लोकांची माहिती एका राजकीय सल्लागार संस्थेकडे गेली असावी असे फेसबुकने 2018 मध्ये मान्य केले होते, आणि फेसबुक अमेरिकन आहे. सीमेवर सैन्य उभे असलेल्या देशाचा धोका निराळा असतो हे मला मान्य आहे. तो निराळेपणा युक्तिवादात स्पष्ट लिहावा, गृहीत धरू नये.

मग सौम्य उपाय तपासावेत. फेब्रुवारी 2023 मध्ये युरोपीय आयोगाने कर्मचाऱ्यांच्या कार्यालयीन आणि कार्यालयीन कामासाठी नोंदवलेल्या वैयक्तिक उपकरणांपुरते टिकटॉक बंद केले. अमेरिकेने एप्रिल 2024 च्या कायद्याने मालकी विका अन्यथा बंदी, असा पर्याय ठेवला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो 17 जानेवारी 2025 रोजी ग्राह्य धरला. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 16 नुसार ठरावीक देशांत माहिती पाठवण्यावर सरकारने निर्बंध घालण्याची तरतूद आहे. सप्टेंबर 2020 मध्ये बंद झालेला, तोवर चिनी टेन्सेंट कंपनी चालवत असलेला पबजी मोबाइल हा खेळ पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने नव्या नावाने भारतात आणला, हेही येथे नोंदवावे. संपूर्ण बंदीचे समर्थन करणाऱ्याने यांपैकी प्रत्येक उपाय का अपुरा पडतो, ते सांगितलेच पाहिजे.

बंदीनंतर काय घडले हेही पाहावे. टिकटॉक गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. देशी म्हणून गाजलेले कू हे समाजमाध्यम 2024 मध्ये बंद पडले. म्हणजे रिकामी झालेली जागा बऱ्याच अंशी दुसऱ्या परकीय कंपनीने भरली. आमच्या मंडळातील एका मुलीचा भाऊ भोसरीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो आणि ठिणग्या उडत असताना काम कसे करायचे ते टिकटॉकवर दाखवत असे. बंदीनंतर त्याने दुसरीकडे खाते उघडले, पण ते प्रेक्षक पुन्हा जमले नाहीत. चर्चेत ती म्हणाली, “सर, बंदी बरोबर असेलही, पण व्हिडिओ काढून घ्यायला चार दिवस तरी द्यायला नको होते का?” मुदतीचा हा मुद्दा मुलांच्या टिपणांत क्वचितच असतो, तो जरूर घ्यावा.

आता मत लिहावे. त्यात नेमका धोका, त्याचा पुरावा, सौम्य उपाय न चालण्याचे कारण आणि फेरविचाराची मुदत या गोष्टी आल्याच पाहिजेत. माझे मत असे: सरकारी व लष्करी उपकरणांवर अशी ॲप तत्काळ बंद करावीत, सर्व नागरिकांसाठी बंदी घालायची असेल तर कारणांसह आदेश प्रसिद्ध करावा, गोपनीय तपशील न्यायालयाला बंद लिफाफ्याऐवजी शक्य तितक्या खुल्या सुनावणीत दाखवावेत आणि दर वर्षी फेरविचार करावा. माहितीच्या संरक्षणाचे नियम मात्र कंपनी कोणत्याही देशाची असो, सर्वांना सारखे असावेत.

भाषण तयार झाल्यावर मंडळात आधी विरुद्ध बाजू पाच मिनिटे मांडावी आणि त्या बाजूच्या सदस्याने ती मान्य केल्यावरच स्वतःची बाजू मांडायला उभे राहावे.