पोकेमॉन पिनबॉल: आधी चेंडू थांबवायला शिका

पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावरचा चेंडू खाली पडू न देता मारत राहायचा खेळ. त्यावरचा पोकेमॉन पिनबॉल हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन्ही अंगठ्यांनी बटणं बडवत सुटतो. वाट्याला आलेले तीन चेंडू बघता बघता खाली जातात आणि ‘सगळा नशिबाचा खेळ’ म्हणून गेम बाजूला पडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण इतका विचार करून बांधलेला पिनबॉल हातात मावणाऱ्या यंत्रावर क्वचितच झाला असेल. टीव्हीवर पिकाचू बघत मोठे झालेल्यांनी तर तो नीट शिकून खेळावाच.

गेम 1999 चा, निन्टेंडोच्या गेमबॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी आलेला. साध्या गेमबॉयवरही चालतो. कार्ट्रिजला, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डबीला, वर फुगवटा आहे. त्यात टीव्हीच्या रिमोटला लागतो तसला एक बारीक सेल बसतो आणि चेंडू आपटला की यंत्र हातात थरथरतं. सेल नसला तरी गेम चालतो, फक्त थरथर मिळत नाही. जुनं कार्ट्रिज विकत घेतलंत तर ते झाकण सगळ्यात आधी उघडा. आत वर्षानुवर्षं राहिलेला सेल पाझरून पट्ट्या खराब करतो.

सुरुवात लाल टेबलापासून. लाल आणि निळं अशी दोन टेबलं आहेत. दोन्हीकडे सापडणारे पोकेमॉन वेगळे, म्हणून 151 पोकेमॉन पकडून यादी पूर्ण करायची तर कधी ना कधी दोन्ही खेळावी लागतात. नवशिक्याला लालच बरं. डाव्या बाणाच्या बटणाने डावा फ्लिपर, म्हणजे चेंडू मारणारं पातं, उचलतो, ‘ए’ने उजवा. टेबल स्क्रीनपेक्षा उंच असल्यामुळे चेंडू वर गेला की खालचा भाग दिसेनासा होतो. तेवढ्या वेळात अंगठे सैल सोडा. वर गेलेला चेंडू फ्लिपरने मारता येत नाही. चित्र पुन्हा खालच्या भागावर आलं की सावध व्हा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चेंडू धरणं. चेंडू कडेच्या गल्लीतून फ्लिपरकडे घरंगळत आला की मारू नका. त्या बाजूचं बटण दाबून धरा. उचललेल्या फ्लिपरच्या खोबणीत चेंडू येऊन बसतो, एक-दोनदा हलतो आणि थांबतो. आता घाई संपली. वर काय काय पेटलंय ते आठवा, कुठे मारायचं ते ठरवा आणि बटण सोडा. चेंडू टोकाकडे घसरायला लागतो. मुळाजवळ असतानाच मारलात तर तो साधारण सरळ वर जातो, टोकाजवळ येऊ दिलात तर आडवा, समोरच्या बाजूला. म्हणजे उजवीकडची गल्ली गाठायची तर डाव्या फ्लिपरच्या टोकाने. पहिले दोन-तीन डाव गुणांकडे न बघता फक्त एवढंच करा. धरा, सोडा, मारा. अंगठ्याला अंदाज आपोआप येतो.

पिकाचूला विसरू नका. अगदी कडेच्या दोन गल्ल्यांतून चेंडू निसटतो आणि त्यातल्या एकीच्या तळाशी पिकाचू उभा असतो. ज्या बाजूचा फ्लिपर उचलाल त्या बाजूला तो धावतो. चेंडू कडेला झुकताना दिसला की त्याच बाजूचं बटण दाबून पिकाचूला तिथे आणा. त्याची वीज पूर्ण भरलेली असेल तर तो झटका देऊन चेंडू परत वर फेकतो. मात्र वीज भरते ती वरची फिरकी फिरवल्यावर, आणि एका झटक्यात संपते. म्हणून पिकाचूने चेंडू वाचवला की पुढचा नेम फिरकीवर धरायचा, ही सवय लावून घ्या. माझे लांबलेले डाव बहुतेक या एका सवयीमुळे लांबलेत.

मग पोकेमॉन पकडायचा. उजव्या बाजूच्या, वर जाणाऱ्या गल्लीतून चेंडू गेला की एकेक बाण पेटतो. दोन पेटले की चेंडू टेबलावरच्या बेलस्प्राउट या पोकेमॉनच्या तोंडात घाला. तिसराही पेटवून मग गेलात तर दुर्मीळ पोकेमॉन निघण्याची शक्यता वाढते, म्हणून चेंडू ताब्यात असेल तर थोडा धीर धरा. पुढे दोन मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. व्होल्टॉर्ब या पोकेमॉनच्या आकाराच्या तीन बंपरवर, म्हणजे चेंडू उसळवणाऱ्या अडथळ्यांवर, चेंडू आपटत राहिला की मधल्या चित्राचे सहा तुकडे एकेक करून उघडतात. चित्र पूर्ण झालं की पोकेमॉन टेबलावर उतरतो. आता त्यालाच काही वेळा चेंडू लागला पाहिजे. इथे पुन्हा बडवाबडवीचा मोह होतो. अशा वेळीही चेंडू धरा आणि मधोमध नेम साधा.

पकडलेल्याची उत्क्रांती करायची, म्हणजे त्याला पुढच्या रूपात न्यायचं, तर हेच काम डावीकडे: तीन बाण पेटवून चेंडू डिटो या पोकेमॉनकडे पाठवायचा. निळ्या टेबलावर पकडण्यासाठी क्लॉयस्टर, उत्क्रांतीसाठी स्लोपोक.

सगळ्यात वर तीन छोट्या वाटा आहेत. तिन्हींचे दिवे लागले की चेंडू वरच्या दर्जाचा होतो आणि गुण वाढतात. एक दिवा लागून दुसऱ्याच वाटेने चेंडू येतोय असं दिसलं, तर फ्लिपरचं बटण दाबा. पेटलेला दिवा शेजारी सरकतो. वर असताना बटणाचा एवढाच एक उपयोग. खाली फ्लिपरशेजारच्या ‘केव्ह’ (CAVE) या चार इंग्रजी अक्षरांचंही तसंच. चारही पेटली की मधलं भोक उघडतं आणि आत बक्षिसाचं चक्र फिरतं. त्यात दोन्ही गल्ल्यांत पिकाचू उभा करणारं बक्षीस निघालं, तर त्या डावात जरा जास्त धाडस करायला हरकत नाही.