ऑटोमॅटिक गाडीचे ट्रान्समिशन ऑइल आणि फिल्टर घरच्या पार्किंगमध्ये बदलताना

सकाळी घोडबंदर रस्त्याने माजिवड्याकडे निघालेली किंवा संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्याने परतणारी गाडी धावण्यापेक्षा थांबत-सरकतच अधिक वेळ काढते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद चाकांकडे तेलामार्फत पोचते. गाडी 'ड्राइव्ह'मध्ये ब्रेकवर उभी असते तेव्हा कन्व्हर्टरची इंजिनकडची बाजू फिरत राहते, चाकांकडची बाजू थांबलेली असते, आणि मधले तेल घुसळले जाऊन तापते. याच तेलाला गिअरबॉक्समधले क्लच दाबायचे असतात, बेअरिंगना वंगण द्यायचे असते आणि उष्णताही वाहून न्यायची असते. त्यामुळे 'हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही' हा समज आपल्या वाहतुकीत तरी धरून चालू नये. अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते. रोजच्या कोंडीत चालणाऱ्या गाडीसाठी याहून आधी, 50,000 ते 60,000 किलोमीटरच्या आसपास, हे काम करावे असे माझे मत आहे. गाडीच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे याची खात्री सर्वांत आधी करावी. येथे दिलेली कृती टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्ससाठी आहे. एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारा) हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, सीव्हीटीला (ठराविक गिअर नसलेल्या गिअरबॉक्सला) त्याचे स्वतंत्र तेल लागते आणि ड्युअल क्लचचे (दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सचे) तेलही निराळे असते. यांत अदलाबदल केल्यास गिअरबॉक्स कायमचा बिघडू शकतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांमध्येही एकच तेल सर्वांना चालत नाही. टोयोटाच्या अनेक गाड्यांना 'डब्ल्यूएस', ह्युंदाई-कियाच्या अनेक गाड्यांना 'एसपी-4' आणि इतर काहींना 'डेक्स्रॉन 6' दर्जाचे तेल लागते. डब्यावर 'सर्व गाड्यांसाठी' असे लिहिलेले असले, तरी पुस्तिकेतील दर्जाचे नाव त्यावर स्पष्ट छापलेले नसेल तर तो डबा घेऊ नये. तेल, फिल्टर, पॅनचे (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकाचे) गॅस्केट, फिल्टरचा ओ-रिंग (रबरी कडे) आणि ड्रेन प्लगचा (तेल काढण्याच्या बुचाचा) वॉशर या वस्तू एकाच वेळी, पक्क्या बिलासह घ्याव्यात. काही गाड्यांत फिल्टर गिअरबॉक्सच्या आत असतो आणि तो उघडल्याशिवाय निघत नाही; तेथे फक्त तेलच बदलावे. झेडएफच्या 8 गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून तेथे पूर्ण पॅन बदलावा लागतो.

जागेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. स्टॅक पार्किंगमध्ये हे काम होणार नाही, आणि बंद तळघरातही करू नये, कारण पातळी तपासताना इंजिन बराच वेळ चालू ठेवावे लागते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. सोसायटीची परवानगी घेऊन स्टिल्टखालची मोकळी, हवेशीर जागा निवडावी. वाशी-नेरूळच्या रो-हाउसचे अंगण असल्यास उत्तमच. फरशीला गटाराकडे उतार असतो, तेव्हा लेव्हल लावून पाहावे. गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर सारख्या उंचीवर उचलावी. फक्त पुढची बाजू उचलली तर तेल मागे सरकते आणि पुढे घेतलेले प्रत्येक माप चुकते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये.

तेल काढण्यापूर्वी भरण्याचा प्लग सैल होतो का, हे पाहून घ्यावे. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच काढून टाकले असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. यानंतर प्लग पुन्हा आवळून गाडी खाली उतरवावी, थोडी चालवून आणावी, परत स्टँडवर घ्यावी आणि तेल कोमट होईपर्यंत थांबावे. चांगले तापलेले तेल हाताला गंभीर भाजते. ड्रेन प्लग उघडून तेल मोजमापाच्या खुणा असलेल्या भांड्यात घ्यावे. नंतर पॅनचे बोल्ट एका कोपऱ्याकडून सैल करत जावे आणि समोरच्या बाजूचे दोन-तीन बोल्ट काही आट्यांवर तसेच ठेवावेत, म्हणजे पॅन त्या कोपऱ्याकडे झुकतो आणि उरलेले तेल भांड्यात पडते, अंगावर येत नाही. फिल्टर काढतानाही पाव-अर्धा लिटर तेल येते. तेही त्याच भांड्यात घ्यावे. जुन्या फिल्टरचा ओ-रिंग पुष्कळदा वरच्या छिद्रात चिकटून राहतो. तो तसाच ठेवून नवा फिल्टर बसवला तर फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि गिअर घसरू लागतात.

पॅनमधल्या चुंबकांकडे या टप्प्यावर नीट लक्ष द्यावे, कारण गिअरबॉक्सची प्रकृती तेथेच कळते. बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा करडा लेप ही क्लच आणि गिअरची नेहमीची झीज असते. टोचणारे तुकडे, चमकणाऱ्या चकत्या किंवा पितळी रंगाचे कण सापडले, किंवा तेल काळे होऊन त्याला करपट वास येत असेल, तर दोष तेलात नाही, आतल्या भागांत आहे; गिअर आधीच घसरत असतील तर नव्या तेलाने ते सुधारणार नाहीत आणि गाडी जाणत्या कारागिराला दाखवावी. पॅन आणि चुंबक ब्रेक क्लीनरने धुऊन धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. वरच्या व्हॉल्व्ह बॉडीला (तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागाला) कापड लावू नये. तेथील वाटा इतक्या अरुंद असतात की एखादा धागाही व्हॉल्व्ह अडवू शकतो.

नव्या ओ-रिंगला नवे तेल लावून फिल्टर बसवावा. गॅस्केट कोरडेच बसवावे. पुस्तिकेत सांगितले नसेल तर सिलिकॉनचा चिकट लेप वापरू नये, कारण त्याचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये जातात. पॅनचे बोल्ट लहान असतात आणि बहुतेक गाड्यांत त्यांना साधारण 8 ते 12 न्यूटन-मीटरच लागतात. लांब पान्याने अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियममधले आटे जातात, म्हणून टॉर्क रेंच वापरावा आणि आधी सर्व बोल्ट हलके, मग समोरासमोर या क्रमाने पूर्ण आवळावेत.

जितके तेल निघाले तितकेच नवे भरावे. त्यानंतर या कामातला सर्वांत नाजूक भाग येतो तो म्हणजे पातळी, आणि ती तापमानावर ठरते. गाडीखाली कोणी नसताना इंजिन चालू करावे, ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबावे आणि शेवटी 'पी'वर आणून हँडब्रेक ओढावा. डिपस्टिक असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाहावे. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असताना पाहतात, होंडाच्या अनेक गाड्यांत बंद केल्यावर लगेच. डिपस्टिक नसेल, तर इंजिन चालू ठेवूनच तपासणीचा प्लग ठरलेल्या तापमानाला उघडतात. त्यातून आलेली धार बारीक होऊन थेंबांवर आली की प्लग लावायचा. काहीच आले नाही तर येईपर्यंत वरून तेल भरायचे. इंजिन बंद झाले की कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते आणि माप चुकते. तापमान ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहावे.

ठाण्याच्या हवेत एक अडचण हमखास येते. काही गाड्यांत हे तापमान 35 ते 45 अंशांच्या आसपास असते, आणि मे महिन्यात दुपारी बंद गाडीचे तेलही 35 अंशांच्या जवळ असते. इंजिन चालू करून गिअर फिरवेपर्यंत ती मर्यादा ओलांडली जाते आणि मग पुन्हा थंड होण्यासाठी काही तास थांबावे लागते. म्हणून तेल आदल्या संध्याकाळी भरावे आणि पातळी भल्या पहाटे पाहावी, किंवा हे काम डिसेंबर-जानेवारीवर टाकावे. पावसाळ्यात करायचेच झाले तर डबा उघडा ठेवू नये. पाणी मिसळलेले तेल क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवते.

पॅन काढूनही सगळे तेल निघत नाही, कारण बरेचसे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहते. एकूण 7 लिटरपैकी 3 लिटर निघाले, तर एका वेळी सुमारे 43 टक्के तेल नवे होते. तितकेच पुन्हा बदलल्यावर 67 आणि तिसऱ्यांदा 81 टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पॅन न उघडता फक्त ड्रेन प्लगमधून तेल बदलले तरी चालते, मात्र दर वेळी किती निघाले ते मोजावे. दोन वेळांच्या मध्ये गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवावी आणि पॅनच्या कडेला ओल दिसते का, ते पाहत राहावे.

काढलेले तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून, टोपण घट्ट लावून, टाकाऊ ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. आपल्या भागातील पावसाळी गटारांचे पाणी ठाणे खाडीकडे जाते, आणि तेथील फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. फरशीवर सांडलेले तेलही पाण्याने न धुता लाकडाच्या भुशाने किंवा कोरड्या मातीने टिपून वेगळे द्यावे.