‘विद्येविना मति गेली’ कुठल्या पानावर? शोधनिबंधात संदर्भ कसे द्यावेत

शिक्षणावरच्या मराठी शोधनिबंधात ‘विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली’ ही ओळ हमखास भेटते. तिच्याखाली धड संदर्भ मात्र क्वचित भेटतो. बहुतेक वेळा नुसतं ‘महात्मा फुले’ लिहिलेलं असतं. शाळेच्या भिंतीवर ते चालतं, निबंधात नाही. संदर्भ म्हणजे पत्ता. ‘पुण्यात राहतात’ एवढ्यावर कुणाचं घर सापडत नाही, तसं ‘फुले म्हणतात’ एवढ्यावर वाक्य सापडत नाही. तेव्हा हीच ओळ घेऊ आणि तिचा पत्ता शेवटपर्यंत लिहून बघू.

१. मूळ जागा गाठा, आणि हातातली प्रत ओळखा

ही ओळ ‘शेतकऱ्याचा असूड’च्या उपोद्घातातली. पुस्तक फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरं केलं. आज आपण ते बहुधा ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या खंडात वाचतो, आणि घोळ इथेच सुरू होतो. हा खंड महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढला तेव्हा संपादक होते धनंजय कीर आणि स. गं. मालशे. १९९१ च्या आवृत्तीवर संपादक म्हणून य. दि. फडके यांचं नाव आहे. नाव एकच, प्रकाशक एकच, पण एका आवृत्तीचा पृष्ठ क्रमांक दुसरीत लागू पडेल याची खात्री नाही. दुसऱ्याच्या प्रबंधातली तळटीप उचलून आपल्याकडे चिकटवली की नेमकं हेच उघडं पडतं: वर्ष एका आवृत्तीचं, पान दुसरीचं.

म्हणून नियम साधा आहे. जी प्रत हातात आहे, तिचाच संदर्भ द्यायचा. मुखपृष्ठावर विसंबू नका. आतलं शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागची बाजू बघा, आवृत्ती आणि वर्ष तिथे असतं.

ओळ मूळ ग्रंथात वाचलीच नसेल, कुणा अभ्यासकाच्या लेखात भेटली असेल, तर तसं लिहायचं: मजकूर फुल्यांचा, पण ‘अमुक यांच्या लेखातून उद्धृत’. यात कमीपणा नाही. न बघितलेला ग्रंथ बघितल्यासारखा दाखवणं, ही खरी लबाडी.

२. नोंद वाचतानाच करा

लेखक, शीर्षक, संपादक किंवा अनुवादक, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, पान: हे सगळं पुस्तक हातात असतानाच लिहून घ्या. माझ्या पहिल्या मोठ्या निबंधाच्या वेळी मी वहीत उतारे उतरवले आणि अवतरणचिन्हं टाकायचा आळस केला. वर्षभराने वही उघडली तर कुठलं वाक्य माझं आणि कुठलं पुस्तकातलं, मलाच कळेना. एका उताऱ्याच्या पानासाठी ग्रंथालयात परत गेलो, तर ते पुस्तक बांधणीला गेलेलं. उतारा गाळावा लागला, आणि तो चांगला होता याचं दुःख अजून आहे. तेव्हापासून उतारा निळ्या शाईत आणि स्वतःचं काळ्या.

फोनवर पानाचा फोटो काढत असाल तर शीर्षकपृष्ठाचाही काढा. शंभर फोटोंत नुसती पानं असतील तर ती कुठल्या पुस्तकाची, हे आठवत नाही.

पीडीएफ वाचणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. पडद्यावर कोपऱ्यात दिसणारा आकडा फाइलचा असतो, त्यात मुखपृष्ठ आणि प्रस्तावनाही मोजलेली असते. संदर्भात पानावर छापलेला आकडा लिहायचा.

३. शब्द त्यांचे की तुमचे, ते ठरवा

शब्दशः घ्यायचं तर अवतरणचिन्हात, मूळ ऱ्हस्वदीर्घासकट. फुल्यांचं ‘मति’ सुधारून ‘मती’ करायचं नाही. मधला भाग गाळला तर तीन टिंबं, स्वतःचा शब्द घातला तर चौकटी कंस. लांब उतारा वेगळा परिच्छेद करून आत सरकवून लिहितात, तिथे अवतरणचिन्हं नकोत. संदर्भ देण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत: एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) आणि एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची). एपीएत लांब म्हणजे ४० किंवा जास्त शब्द, एमएलएत गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त.

आपल्या शब्दांत सांगणं जास्त अवघड. ‘शिक्षण नसल्याने बुद्धी गेली, बुद्धी नसल्याने नैतिकता गेली’ हे आपले शब्द नव्हेत. फुल्यांच्या वाक्याचे कपडे बदललेत, एवढंच. आपलं वाक्य असं काहीतरी होईल: ‘शूद्र खचण्यापर्यंत पोचणारी साखळी फुले अविद्येपासून सुरू करतात, पैसा तिच्यात अगदी शेवटी येतो.’ इथे वाचणाऱ्याने स्वतः काही पाहिलंय. आणि तरीही संदर्भ लागतोच, कारण विचार फुल्यांचा आहे. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला मात्र संदर्भ नको. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, याखाली तळटीप दिली तर परीक्षक हसतील.

४. एक पद्धत निवडा आणि तिच्याशी इमान राखा

पद्धत बहुधा आपल्या हातात नसते. विद्यापीठ किंवा नियतकालिक काय मागतं ते आधी विचारा. सामाजिक शास्त्रांत एपीए (चालू सातवी आवृत्ती), भाषा-साहित्यात एमएलए (चालू नववी आवृत्ती), इतिहासात तळटिपा, असा साधारण रिवाज.

एपीएत मजकुरात असं येईल: (फुले, १८८३/१९९१, पृ. …). पहिलं वर्ष मूळ लेखनाचं, दुसरं हातातल्या आवृत्तीचं, आणि पानाच्या जागी तुमच्या प्रतीतला आकडा. एमएलएत वर्षही नाही आणि ‘पृ.’ही नाही, नुसतं (फुले …). तळटीप द्यायची तर:

जोतीराव फुले, ‘शेतकऱ्याचा असूड’, महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. य. दि. फडके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, १९९१, पृ. …

निबंधाच्या शेवटी येणाऱ्या एपीएच्या संदर्भसूचीत आडनाव आधी, वर्ष नावालगत कंसात, आणि प्रकाशकाचं गाव सातव्या आवृत्तीपासून लागत नाही. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्याचं नाव आणि ‘व इतर’.

तळटिपा लिहिणाऱ्यांनी ‘तत्रैव’ (म्हणजे ‘आधीच्याच टिपेतलं पुस्तक’) जपून वापरावं. पाचव्या टिपेत ‘तत्रैव’ लिहिलंत, मग चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये नवी टीप घुसवलीत, की तुमचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. संगणक हे सांगत नाही. त्यापेक्षा ‘फुले, असूड, पृ. …’ अशी आखूड टीप बरी. तळटिपांसाठी वापरल्या जाणाऱ्या शिकागो पद्धतीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून आखूड टिपेलाच झुकतं माप दिलंय.

५. मराठीत जे अडतं ते

इंग्रजी नियम मराठी पुस्तकांना जसेच्या तसे बसत नाहीत. संतांना आडनाव लावून उलटं लिहायचं नाही. तुकाराम ‘तुकाराम’ म्हणूनच सूचीत येतात. अभंगाचा क्रमांक गाथेगणिक बदलतो, म्हणून कुठली गाथा ते सांगितल्याशिवाय क्रमांकाला अर्थ नाही. ज्ञानेश्वरीला पानापेक्षा अध्याय आणि ओवी द्या, आणि प्रत कुठली तेही.

टोपणनाव पुस्तकावर असेल तर तेच: कुसुमाग्रज. हवं तर चौकटी कंसात शिरवाडकर. एकाच लेखकाला एकदा ‘क’मध्ये आणि एकदा ‘श’मध्ये बसवू नका.

जुन्या पुस्तकांवर शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाच्या शेवटचे महिने, साधारण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर शकच लिहा आणि पुढे दोन्ही साल द्या.

मराठी विश्वकोशाचा संदर्भ ‘विश्वकोश’ एवढाच देतात, त्याचं मला नवल वाटतं. नोंदीच्या शेवटी बहुधा लेखकाचं नाव असतं, ते घ्या. विकिपीडियावरून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथल्या टिपेवरून मूळ स्रोतापर्यंत जा. संकेतस्थळाचा पत्ता दिलात तर कधी पाहिलं ती तारीखही लिहा. पानं बदलतात आणि नाहीशीही होतात.

सूची अकारविल्हे लावताना संगणकाच्या भरवशावर राहू नका. युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, रांगेत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. त्यामुळे काही यंत्रं काळ्यांना काशीकरांच्या आधी बसवतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’मध्ये, हे एकदा ठरवून सगळीकडे पाळा. झोटेरोसारखं फुकट साधन नोंदी सांभाळायला उत्तम, पण मराठी सूचीत मधेच इंग्रजी ‘अँड’ घुसलाय का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि एआयकडून संदर्भ मागून घेतले असतील तर प्रत्येक पुस्तक खरोखर आहे का ते आधी तपासा. नसलेली पुस्तकंही ती यंत्रं प्रकाशकासकट सांगतात.

६. द्यायच्या आधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला, म्हणजे वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या यंत्राला दुसरीकडच्या मजकुराशी जुळलेल्या भागाला, दंड नाही. प्रबंधात ते १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. रीतसर श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. टक्का कमी आला म्हणून संदर्भ बरोबर ठरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. चुकीचं पान ते यंत्र पकडत नाही.

ते माणूस पकडतो. छापील प्रत घ्या, पेन्सिल घ्या. मजकुरातल्या प्रत्येक नावावर खूण करत सूचीत ते आहे का बघा, मग उलट दिशेने. सूची भारदस्त दिसावी म्हणून घातलेली, मजकुरात कुठेच न आलेली पुस्तकं काढून टाका. शेवटी कुणा मित्राला त्यातले कुठलेही तीन संदर्भ आणि ती पुस्तकं द्या, आणि ओळ शोधायला सांगा. दहा मिनिटांत त्याला ओळीवर बोट ठेवता आलं नाही, तर तो संदर्भ पुन्हा लिहायला घ्या.