खेळांचे फोटो काढताय? आधी जागा ठरवा

खेळांचे फोटो काढायला नव्याने लागलेली मुलं मला बहुतेक वेळा लेन्सबद्दल विचारतात. मी त्यांना विचारतो, उभं कुठे राहणार? ऊन कुठून येतंय, पाठीमागे काय दिसतंय आणि खेळाडूचं तोंड कुणीकडे असेल, हे सगळं जागेवर ठरतं.

२५ मे १९६५ रोजी मोहम्मद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत आडवं केलं. नील लायफरचा तो गाजलेला फोटो नीट पाहा. अलीच्या पायांमधून पलीकडच्या बाजूचा दुसरा छायाचित्रकार दिसतो. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. बॉक्सिंगमध्ये बसल्या जागेवरून हलता येत नाही, मैदानी खेळांत बऱ्याचदा येतं. म्हणून सामन्याच्या बरंच आधी पोहोचा आणि मैदानाला एक फेरी मारा. फोटो काढताना गुडघ्यावर बसा. खालून घेतलं की उडी उंच वाटते आणि मागे गवताऐवजी आकाश येतं.

सेटिंगचं फार डोक्यावर घेऊ नका. शटर १/१००० सेकंद, बॅडमिंटनच्या स्मॅशला १/२००० सेकंद, फोकस सतत पाठलाग करणारा. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सहसा सावरता येत नाही. इनडोअरमध्ये फ्लॅश नकोच, खेळाडूच्या डोळ्यांवर येतो. तिथे सलग काढलेले फोटो कमीजास्त उजळ आले तर दोष बहुधा दिव्यांचा असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करायची सोय असेल तर ती चालू करा.

शिकायला मला उंच उडी सगळ्यांत आवडते. खेळाडू कुठल्या बाजूने धावत येतो, हे सरावाच्या उड्यांतच कळतं. गादीच्या मागे, जरा बाजूला बसा आणि फोकस आडव्या दांडीवर आधीच लावून ठेवा. पाठ दांडीकडे करून उडी घेतली की डोकं आधी पलीकडे येतं, आणि उलटा झालेला चेहरा थेट तुमच्यासमोर असतो. सर्वांत उंच बिंदूवर अंग क्षणभर थबकल्यासारखं होतं. बटण त्याच्या किंचित आधी दाबा, कारण तो क्षण डोळ्याला दिसला म्हणजे तो निघून गेलेला असतो. आणि गादीवर पडल्यावर लगेच कॅमेरा खाली घेऊ नका. बरेच जण पडल्या पडल्या वर बघतात, दांडी टिकली की हलतेय ते. कित्येकदा उडीपेक्षा तो चेहराच जास्त बोलतो.

फुटबॉल, हॉकीतही तसंच. गोल करणाऱ्याइतकंच गोलरक्षकाकडे आणि राखीव खेळाडूंच्या बाकाकडे लक्ष असू द्या.

घरी आल्यावर निवड कठोरपणे करा. एकाच झेपेचे बारा फोटो कुणाला दाखवू नका. ज्यात डोळे आणि चेंडू दोन्ही स्वच्छ दिसतात तो ठेवा.