तापाचा दिवस मोजा : पावसाळ्यापासून थंडीपर्यंतच्या विषाणूजन्य आजारांत घरी काय करावे

नाशिकमध्ये पाऊस स्थिरावला की दवाखान्यांतील गर्दी वाढू लागते आणि ती कमी-अधिक प्रमाणात थंडी संपेपर्यंत टिकते. आधी सर्दी-खोकला आणि फ्लू येतो. पावसाची उघडझाप सुरू झाली की डेंग्यू आणि चिकुनगुनिया डोके वर काढतात. मध्येच शाळकरी मुलांत डोळे येण्याची साथ पसरते किंवा हात, पाय आणि तोंडात फोड उठतात. थंडीत लहान मुलांचे जुलाब आणि पुन्हा खोकला सुरू होतो. यांतील बहुतेक आजार विश्रांती आणि साध्या उपचारांनी बरे होतात, परंतु काही थोड्या रुग्णांत ते अचानक वळण घेतात. ते वळण वेळेत ओळखण्यासाठी घरच्या माणसाला एक गोष्ट नेमकी ठाऊक असावी लागते, ती म्हणजे आज तापाचा कितवा दिवस आहे.

म्हणून ताप आल्याबरोबर पहिले काम औषध शोधण्याचे नाही, नोंद सुरू करण्याचे आहे. घरात थर्मामीटर ठेवावा, कारण कपाळाला हात लावून 'अंग तापलंय' म्हणणे डॉक्टरांच्या उपयोगाचे नसते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमान असेल तर तो ताप समजावा. वहीच्या एका पानावर ताप सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहावी, आणि त्याखाली प्रत्येक वेळी तापमान, दिलेली गोळी, प्यायलेले पाणी आणि लघवी किती वेळा झाली हे टिपत जावे. सकाळी आईने आणि दुपारी आजीने अशी एकच गोळी दोनदा दिली जाण्याचा प्रकारही या पानामुळे टळतो.

कोणता ताप आहे, याचा अंदाज

साधी सर्दी हळूहळू येते. घसा खवखवतो, नाक वाहते, अंगात थोडी कसकस असते, पण माणूस हिंडता-फिरता राहतो. फ्लू मात्र बहुधा एकाएकी गाठतो: सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरूण धरतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो. डेंग्यूमध्ये जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी, मळमळ आणि काही दिवसांनी अंगावर लालसर पुरळ दिसते, तर नाक वाहणे आणि खोकला सहसा ठळक नसतात. चिकुनगुनियात सांधे इतके धरतात की सकाळी उठल्यावर चप्पल घालणे किंवा तांब्या उचलणेही कठीण होते.

हे अंदाजच आहेत, निदान नव्हे. मलेरिया, टायफॉइड आणि लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून आणि चिखलातून होणारा जिवाणूंचा ताप) हे विषाणूंमुळे होत नाहीत, पण सुरुवातीला तसेच भासतात, आणि त्यांची औषधे वेगळी असतात. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार आणि रामकुंडाच्या परिसरात पाणी शिरते, आणि पाणी ओसरल्यावर दुकानदार व सफाई कामगार अनवाणी पायांनी चिखल उपसताना दिसतात. अशा पाण्यात वावरलेल्या व्यक्तीला पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर पुराच्या पाण्यात उतरल्याची गोष्ट डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावी.

ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा आसपास डेंग्यूचे रुग्ण असतील, तर तपासणीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. येथेच दिवसांची मोजणी उपयोगी पडते. रक्तातील विषाणूचा अंश शोधणारी डेंग्यूची एनएस-१ ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयुक्त ठरते. त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम चाचणी अधिक भरवशाची असते. सहाव्या दिवशी केलेली एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असे मानता येत नाही.

घरी उपचार करताना

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. सर्वसाधारण प्रौढाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी देता येते. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास जावेत आणि दिवसात चारपेक्षा जास्त गोळ्या होऊ नयेत. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉलच असते, त्यामुळे त्या सोबत घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. यकृताचा विकार असलेल्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. मुलांची मात्रा वयावरून नव्हे तर वजनावरून ठरते आणि ती एका वेळी प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात: एकीच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर तशाच दिसणाऱ्या दुसरीत २५०. 'एक चमचा' या मापावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. बाटलीवरचा आकडा वाचूनच औषध मोजावे.

डेंग्यूची शक्यता जोवर फेटाळली जात नाही, तोवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन ही वेदनाशामके घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या रंगीत गोळ्यांच्या पुडीत नेमके हेच निघते, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच विचारावे. मुलांना तर विषाणूजन्य तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नये. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. मागच्या आजारातून उरलेल्या गोळ्या गिळल्याने ताप लवकर उतरत नाही आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा ते औषध निकामी ठरण्याची भीती असते. रुग्ण तोंडाने पिऊ शकत असेल तर 'शक्तीसाठी' सलाईन लावून घेण्याचेही कारण नाही.

पिण्याकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे. भाताची पेज, मुगाचे कढण, ताक, शहाळ्याचे पाणी, जे घशाखाली उतरेल ते थोडे थोडे देत राहावे. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात विरघळवावे आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. लघवी दर सहा तासांत होत असेल आणि तिचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसे पोटात जात आहे असे समजावे. खोकल्यासाठी मध देता येतो, परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला नाही. वाफ घेण्यासाठी उकळते पातेले मुलांसमोर ठेवू नये. त्यातून भाजण्याच्या दुर्घटना होतात.

फ्लूसाठी ओसेल्टामिविर हे औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. गरोदर स्त्रिया, वयस्कर मंडळी, पाच वर्षांखालील मुले, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले रुग्ण यांनी म्हणूनच 'दोन दिवस वाट पाहू' असे न म्हणता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ताप उतरतो तेव्हा

डेंग्यूविषयीचा सर्वांत घातक गैरसमज असा की ताप उतरला म्हणजे धोका टळला. प्रत्यक्षात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो, आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास हाच कसोटीचा काळ असतो. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब खालावतो, आणि घरचे लोक मात्र 'आज ताप नाही' म्हणून निर्धास्त असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार याच दिवशी खाडा नको म्हणून पाळीवर रुजू होतात. ताप उतरल्यानंतर पूर्ण दोन दिवस रुग्णाला एकटे सोडू नये, कामावर पाठवू नये आणि डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नये.

या काळात पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळे शौच, हातपाय गार पडणे, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रात्रीचे किती वाजले आहेत हे न पाहता रुग्णालय गाठावे. आजार कोणताही असो, धाप लागणे, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे, झटका येणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा मुलाने पिणेच सोडणे, या बाबतींतही हाच नियम पाळावा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर तेवढ्यावरच तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. वाहन मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते.

'पेशी किती आल्या?' हाच प्रश्न घरोघरी ऐकू येतो आणि नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी शहरभर धावतात. पेशींचा आकडा महत्त्वाचा आहे, पण रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून पेशी चढवण्याची सहसा गरज नसते. रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) यांवर डॉक्टरांचे लक्ष अधिक असते. पपईच्या पानांचा रस किंवा महागडी फळे यांवर भिस्त ठेवून रुग्णालयात जाणे लांबवू नये.

प्रतिबंध

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. तो बहुधा आपल्याच घरातला किंवा शेजारचा असतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळायचा असतो. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. पिंप, हौद आणि रांजण आतून घासलेच पाहिजेत. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या बहुतेकांच्या लक्षात राहत नाहीत. मनीप्लांटच्या बाटलीवर विजेरीचा झोत टाकून पाहावे: केसाएवढ्या अळ्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकलेल्या दिसतात आणि बाटलीला धक्का लागताच आकडीसारख्या वळवळत तळाकडे जातात. गॅरेजबाहेरचे जुने टायर आणि बांधकामावरील पाण्याच्या टाक्या यांबाबत शेजाऱ्यांनी मिळून बोलावे आणि दाद न मिळाल्यास महापालिकेकडे तक्रार करावी. डेंग्यूच्या रुग्णाला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, कारण त्याला चावलेला डास पुढे घरातील इतरांना आजार देऊ शकतो.

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना लागण करू शकतो. श्रावणातील ब्रह्मगिरीची फेरी, गणेशोत्सव, नवरात्रातील कालिका यात्रा या गर्दीत पावसाने भिजणे फ्लूचे कारण नसते. खोकणाऱ्यांच्या निकट सहवासात तासन्‌तास राहणे हे कारण असते. अंगात ताप असेल तर फेरीला जाऊ नये, आणि वृद्ध मंडळींनी गर्दीत मास्क वापरावा. साबणाने किमान २० सेकंद हात धुणे फ्लू, डोळे येणे आणि जुलाब या तिन्हींपासून जपते. डोळे आलेल्या व्यक्तीचा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती साथीच्या आधी घेणे श्रेयस्कर. बाळांसाठी जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसवरची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रांत मोफत दिली जाते.

बरे होताना

तापाचे औषध न घेता २४ तास ताप आला नाही, तर फ्लूनंतर मुलाला शाळेत पाठवता येते. ताप पूर्ण जाऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढला, छातीत दुखू लागले किंवा पिवळट-हिरवट बेडका वाढला, तर न्यूमोनियाची शंका घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. चिकुनगुनियानंतर सांधेदुखी काही आठवडे, काहींना काही महिने पुरते. अशा वेळी सांधे जखडू न देता हलका व्यायाम करावा आणि स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. द्राक्षबागेत छाटणीचे काम करणाऱ्यांना बोटांची पकड परत येईपर्यंत वेळ लागतो, आणि तो वेळ बागायतदारांनी त्यांना द्यायला हवा. फ्लूनंतरचा कोरडा खोकला रेंगाळू शकतो, पण खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला तर तो साथीच्या खात्यावर न टाकता जवळच्या सरकारी रुग्णालयात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते.