यू टर्न घेताना आणि इंडिकेटर देताना या चुका टाळा

इंडिकेटर देणारे खूप असतात, वेळेवर देणारे कमी. ब्रेक दाबला, स्टीअरिंग फिरवायला घेतलं आणि मग बोट इंडिकेटरकडे गेलं, असं सर्रास चालतं. तोपर्यंत मागच्याला तुमची गाडी वळताना दिसतेच आहे, मग त्या लाइटचा त्याला काय उपयोग? इंडिकेटर साधारण मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे दोन वेळा लुकलुकेपर्यंत एक-दोन सेकंद गेले, आणि ताशी ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जाते, म्हणजे मागच्याचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर येईपर्यंतच किती अंतर संपलं बघा. म्हणून स्पीड कमी करायच्या आधी इंडिकेटर, चार-पाच सेकंद तरी चालू राहू दे, मग ब्रेक.

याच्या उलट चूक म्हणजे इंडिकेटर दिला की रस्ता आपला झाला असं समजणं. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात हे स्पष्ट आहे, ड्रायव्हरने आधी खात्री करायची की आपल्या वळण्याने कोणाला धोका नाही, वळण्याआधी पुरेसा वेळ इशारा द्यायचा, वळण पूर्ण होईपर्यंत तो चालू ठेवायचा आणि झालं की लगेच बंद करायचा. म्हणजे आरसा, इंडिकेटर, मान वळवून एकदा बाजूला नजर, आणि मगच गाडी हलवायची. मान वळवायचा कंटाळा करू नका, बाजूला अगदी चिकटून आलेली बाईक आरशात दिसतच नाही.

आता यू टर्न

डावीकडून वाहतूक चालते तिथे यू टर्न उजवीकडून असतो, त्यामुळे बरंच आधी उजव्या लेनमध्ये यायला हवं. पण होतं काय, माणूस मधल्या लेनमधून येतो आणि गाडी एका दमात बसावी म्हणून आधी डावीकडे झोल घेऊन मग उजवीकडे वळतो. मागून येणाऱ्या बाईकवाल्याला वाटतं हा डावीकडे चाललाय, तो उजवीकडून काढायला जातो आणि नेमका तुमच्या दारावर येतो. छोट्या कारलाही एका दमात वळायला साधारण १० मीटर रुंदी लागते, मोठ्या गाडीला त्याहून जास्त, तेवढी जागा नसेल तर भर ट्रॅफिकमध्ये मागे-पुढे करत बसू नका, सरळ पुढे जा आणि मोठ्या जागेवरून वळून या, दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. गॅपची वाट बघत उभे असताना चाकं आधीच उजवीकडे फिरवून ठेवू नका. मागून कोणी धडकलं तर चाकं सरळ असताना गाडी सरळ पुढे ढकलली जाते, पण चाकं वळलेली असतील तर तीच गाडी समोरून येणाऱ्या ट्रॅफिकमध्ये जाते. थांबलात की स्टीअरिंग सरळ, पाय ब्रेकवर, इंडिकेटर चालू, आणि निघतानाच फिरवा.

गॅपचा अंदाज हा तर वेगळाच विषय आहे. उभ्या गाडीने यू टर्न पूर्ण करून परत स्पीड पकडायला सहज सहा-सात सेकंद लागतात, आणि समोरून ताशी ६० ने येणारी गाडी तेवढ्या वेळात शंभर मीटरच्या वर येते. त्यात बाईक आकाराने लहान असल्यामुळे आहे त्यापेक्षा लांब वाटते आणि तिथेच फसायला होतं. विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबाआड तर अख्खी बाईक लपते, म्हणून वळायच्या आधी थोडं पुढे वाकून, मग मागे होऊन बघा.

समोरच्या एकाने थांबून हात केला, की जा, तरी लगेच घुसू नका. तो थांबलाय, पण त्याच्या पलीकडच्या लेनवाल्याला तुम्ही दिसतच नाही. हेडलाइटच्या फ्लॅशचंही तसंच, कोणी "या" म्हणून देतो, कोणी "मी थांबणार नाही" म्हणून.

वळणावर, चढाच्या टोकाला, पुलावर, बोगद्यात, रेल्वे फाटकाजवळ, सलग पांढऱ्या-पिवळ्या लाइनवरून यू टर्न नको. मनाईचा बोर्ड असेल तर प्रश्नच नाही, आणि एक्स्प्रेसवेवर चुकून पुढे गेलात तर पुढच्या एक्झिटपर्यंत जायचंच.

इंडिकेटर नीट चालत नसेल तर

अचानक टिकटिक फास्ट व्हायला लागली तर बहुतेक वेळा एखादा बल्ब गेलेला असतो, खाली उतरून पुढचा-मागचा दोन्ही बघा. साध्या बल्बच्या जागी एलईडी टाकल्यावरही असं होतं, तेव्हा त्याला जुळणारा फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा स्विच, लागतो. लेन बदलताना स्टीअरिंग जेमतेम फिरतं त्यामुळे इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, आणि बऱ्याच बाईकवर तो हातानेच बंद करावा लागतो. चालू राहिलेला डावा इंडिकेटर बघून बाजूच्या गल्लीतला माणूस तुम्ही वळणार असं धरून सरळ गाडी बाहेर काढतो. हॅझर्ड लावून चालवू नका, चारही लाइट लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळताय ते कोणालाच कळत नाही. आणि इंडिकेटर बंदच पडला तर हात पूर्ण बाहेर काढून इशारा करा, पण रात्री तो दिसत नाही, त्यामुळे बल्ब बदलल्याशिवाय अंधारात गाडी काढू नका.