जर्मन गावाच्या ढालीवरचं चित्र कसं वाचायचं

जर्मनीतल्या छोट्या गावांत टाऊन हॉलवर, कारंज्यावर, कधी कधी गटाराच्या झाकणावर पण एक ढाल दिसते, ते त्या गावाचं वापन, म्हणजे कोट ऑफ आर्म्स. ते वाचायचं असेल तर आधी नेटवरचे ते "लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा" वाले तक्ते बंद करा, त्यातून गावाबद्दल काहीही कळत नाही.

पहिला प्रश्न हा, की पूर्वी गाव कोणाच्या ताब्यात होतं? लाल ढालीवर पांढरं चाक दिसलं की इथे गाड्या बनवत असतील असं वाटतं, पण ते बहुतेक वेळा माइन्ट्स शहराच्या आर्चबिशपचं, म्हणजे राज्यही करणाऱ्या मोठ्या धर्मगुरूचं चाक असतं, एरफुर्ट शहराच्या ढालीवर पण तेच आहे कारण तिथे त्यांचीच सत्ता होती. काळ्यावर सोनेरी सिंह म्हणजे बहुधा ऱ्हाइनकाठचं जुनं राज्य पॅलेटिनेट, सोनेरीवर काळी सांबरशिंगं म्हणजे नैऋत्येचं जुनं राज्य व्युर्टेम्बर्ग, आणि पांढरे-निळे तिरके चौकोन म्हणजे बव्हेरियावर राज्य करणारं विटल्सबाख घराणं.

मग नाव बघायचं. रोटेनबुर्ग ओब डेर टाउबरच्या ढालीवर पांढऱ्यावर लाल किल्ला आहे, दोन बुरुजांचा, आणि नाव पण तेच सांगतं, लाल किल्ला! माइन नदीवरच्या ओक्सेनफुर्टच्या ढालीवर बैल, नावातही बैल. आता याच नदीवर थोडं वरच्या अंगाला श्वाइनफुर्ट, नावात डुक्कर, म्हणून तुम्ही ढालीवर डुक्कर शोधत बसाल पण तिथे निळ्यावर पांढरा गरुड आहे, कारण हे शहर १८०२ पर्यंत थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या हाताखाली होतं आणि गरुड त्या साम्राज्याचा. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

किल्ली ही संत पीटरची खूण, ती दिसली तर आधी गावातलं चर्च त्यांचं आहे का बघा. द्राक्षांचा घड असेल तर फार डोकं लावू नका, वाइनचं गाव.

एका ढालीत तीन-चार गोष्टी कोंबलेल्या दिसल्या तर गावं एकत्र केलेली असू शकतात, पश्चिम जर्मनीत १९७० च्या आसपास असं खूप झालं. ढालीचं वर्णन वाचताना डावं-उजवं मात्र ढाल धरणाऱ्याचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. आणि जुन्या पुस्तकात काळं-पांढरं चित्र मिळालं तरी रंग कळतात, उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरं ते चांदी, म्हणजेच पांढरा.